पाच रुपये कोणाचे

दुधाच्या पैशाला आमच्याकडं पगार म्हणतात. कांद्याची पट्टी येते, उसाचं बिल निघतं, टोमॅटोचा हिशेब होतो, दुधाचा मात्र पगार होतो. दर दहा दिवसांनी होतो म्हणून हे नाव पडलं असावं. ‘पगार झाला का?’ असं एकमेकांना विचारताना आपण नोकरदार असल्यासारखं बरं वाटतं माणसाला. पण नोकरदाराला महिन्याच्या पहिल्या तारखेला आपला आकडा ठाऊक असतो. आमचा आकडा दहा दिवस दूध घालून झाल्यावर कळतो, आणि मधेच चार दिवस दर एक रुपयानं उतरला असेल तर तोही पावती हातात पडल्यावरच कळतो.

२०२३ च्या जुलैत सरकारनं गाईच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये द्या असं ठरवून दिलं होतं. दिवाळी सरली तोवर तोच भाव सव्वीस-सत्तावीसवर आला. का आला? तर बाहेर दूध भुकटीचे आणि लोण्याचे भाव पडले. आमच्या गाईला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती तेवढीच पेंड खात होती. मग सरकारनं अनुदान काढलं. ११ जानेवारी २०२४ पासून, सहकारी संघाला किंवा खासगी प्रकल्पाला जो गाईचं दूध घालील त्याला लिटरमागं ५ रुपये. प्रकल्पानं २७ रुपये द्यायचे, वर सरकारचे ५ थेट शेतकऱ्याच्या खात्यात. आधी महिनाभरासाठी होतं, मग मुदत वाढवून १० मार्चपर्यंत केलं. अट अशी की गाईच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला पाहिजे, तो नंबर सरकारच्या पशुधनाच्या यादीत चढलेला पाहिजे, आणि बँकेचं खातं आधारला जोडलेलं पाहिजे.

हे पाच रुपये म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून लागला आहे. मजुरी आहे, भरपाई आहे, दान आहे, का मताची उचल आहे? ज्याला जे सोयीचं ते तो म्हणतो. मी शिकलो दहावीपर्यंत, पण चाळीस वर्षं धारा काढल्या आहेत. धार काढताना हात कामात असतात आणि डोकं रिकामं असतं, तेवढ्यात जो विचार झाला तो इथं मांडतो.

आमचं गाव सिन्नरच्या रस्त्याला. माझं निम्मं दूध गावातल्या संकलन केंद्रावर जातं आणि निम्मं नाशिकला, द्वारकेच्या आसपास, रतिबाला. ज्यांनी नाशिक पाहिलं नाही त्यांना सांगतो, ही द्वारका कृष्णाची नव्हे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जिथं भेटतात तो हा चौक. वर उड्डाणपूल, खाली माणसांसाठी केलेलं भुयार, आणि त्या भुयारात न उतरता गाड्यांमधून जीव मुठीत धरून पळणारी माणसं. पुणे रस्त्यानं येणारी आमची गाडी सकाळी काठे गल्लीच्या सिग्नलला अडकली की कॅनमधलं दूध हिंदकळून वर लोण्याचे मणी धरायला लागतात. चौकातून आत जुन्या नाशकात गेलं की भद्रकालीजवळ दूध बाजार म्हणून भागच आहे. नाव अजून दुधाचं आहे. गावोगावची चरवी-कासंडी ज्या काळी डोक्यावर नाहीतर सायकलवर शहरात यायची, त्या काळाची ती खूण.

तर द्वारकेजवळच्या एका इमारतीत माझं एक गिऱ्हाईक आहे. भला माणूस. कोरोनात सगळ्यांनी दूधवाल्याला दारात उभं करणं सोडलं तेव्हा या घरानं एक दिवस रतीब तोडला नाही. अनुदानाची बातमी पेपरात आली त्या आठवड्यात हे गृहस्थ म्हणाले, ‘‘काय काका, मजा आहे तुमची. आता सरकार लिटरला पाच रुपये फुकट देणार.’’

मी म्हणालो, ‘‘तुमच्या दुधावर नाही देत, साहेब.’’

त्यांना ते खरंच वाटेना. गाय तीच, कास तीच, धार काढणारा मीच. पहाटेची पहिली चरवी केंद्राच्या कॅनमध्ये ओतली तर त्यावर पाच रुपये, आणि दुसरी चरवी द्वारकेच्या कॅनमध्ये ओतली तर काही नाही. म्हशीचं दूध असेल तर मुळातच काही नाही, योजना गाईच्या दुधाला. सरकारच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चूक काढता येत नाही. केंद्रावर फॅट लागते, एसएनएफ लागतं, पावती निघते, हिशेब राहतो. मी द्वारकेला किती दूध घातलं हे मी आणि गिऱ्हाईक सोडून कोणाला माहीत? उद्या मी दोन लिटरचे वीस लिटर सांगीन. म्हणजे सरकार गाईला पैसे देत नव्हतं, कष्टालाही देत नव्हतं. पावतीला देत होतं. आणि ज्याची पावती निघत नाही असा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात खालचा असतो. याचं उदाहरण पुढं सांगतो.

आधी ‘फुकट’ या शब्दाचा हिशेब. त्या हिवाळ्यातला माझ्या वहीतला एका गाईचा एक दिवस असा : दूध १२ लिटर. २७ रुपयांनी ३२४. पेंड पाच किलो, १७० रुपयांची. ओला मका वीस किलो, घरचा असला तरी बाजारभावानं ६०. वाळली वैरण ४०. मिठाची वीट, खनिज मिश्रण, डॉक्टरचा सरासरी खर्च २०. एकूण २९०. राहिले ३४ रुपये. या ३४ रुपयांत पहाटे साडेचारला उठणं, शेण काढणं, कुट्टी करणं, दोन वेळची धार, केंद्रावर फेरा, आणि बायकोचं धरून दोन माणसांचे रोजचे तीन-तीन तास. शिवाय हा दुभत्या दिवसाचा हिशेब झाला. वर्षातले दोन महिने गाय भाकड असते, तेव्हा ती खाते आणि देत काही नाही. वासरू गोऱ्हा झालं तर तो निराळाच विषय. संकरित गोऱ्ह्याला औताला कोणी धरत नाही, २०१५ च्या कायद्यानं तो कापायला विकता येत नाही, आणि ठेवायचा तर आईच्या दुधातला वाटा त्याला द्यायचा. गावोगाव मोकाट गोऱ्हे फिरताना दिसतात ते आकाशातून पडलेले नाहीत. पण त्यात शिरलो तर हा लेख तिकडंच जाईल.

पाच रुपये आले तर १२ लिटरचे ६०. चौतीसचे चौऱ्याण्णव झाले. दोन माणसांच्या सहा तासांचे चौऱ्याण्णव. याला कोणी फुकट म्हणत असेल तर त्यानं एकदा माझ्या गोठ्यात पहाटे यावं, मी चहा पाजीन.

इथवर आमची सगळी माणसं माझ्याशी सहमत असतात. पारावर ही गोष्ट काढली की माना डोलतात. पुढं मी विचारतो, मग तोटा नेमका कोणाचा भरून निघतो? तेव्हा माना थांबतात.

बघा, शहरात पिशवीचं दूध त्या हिवाळ्यातही लिटरला पन्नाशीच्या पुढंच होतं. आमचा भाव चौतीसचा सत्तावीस झाला, पण पिशवी सात रुपयांनी उतरलेली मी द्वारकेच्या एकाही दुकानात पाहिली नाही. स्वस्त दूध शहराला मिळावं ही इच्छा जुनी आहे आणि वाईट नाही. मुंबईसाठी १९४९ मध्ये आरे वसवली, तबेले शहराबाहेर नेले, लेकरांना चांगलं दूध मिळावं म्हणून सरकारनं बाटल्या भरल्या. पुढं १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली, संकरित गाई आल्या, उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफनं रेतनाची सोय गावापर्यंत नेली. माझ्या बापाच्या दावणीला दीड लिटरवर आटणारी गाय होती, माझ्या दावणीला बारा लिटरची आली. हे मोठंच काम झालं, ते नाकारणारा मी नव्हे. पण त्या काळी दूध घेणारा मोठा गिऱ्हाईक सरकार होतं किंवा सहकार होता. आज महाराष्ट्रात गाईचं बहुतेक दूध खासगी प्रकल्प घेतात. उसाला निदान कायदा आहे, १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे, एफआरपी आहे, कारखान्यानं ती थकवली तर भांडायला कागद आहे. दुधाला तसा कागद नाही. सरकार भाव जाहीर करतं, प्रकल्प म्हणतो परवडत नाही, आणि विषय संपतो.

अशा वेळी जे पाच रुपये येतात ते माझ्या खात्यावर दिसतात खरे. पण मला वाटतं, त्यातला काही भाग माझ्या खात्यातून नुसता वाहून जातो.

याला पुरावा सरकारच्याच आकड्यांत आहे. १ जुलै २०२४ पासून दुसरं अनुदान सुरू झालं तेव्हा प्रकल्पानं ३० रुपये द्यायचे आणि सरकारनं ५. झाले ३५. मग १ ऑक्टोबरपासून अनुदान वाढवून ७ रुपये केलं. गावात फटाके वाजायचेच राहिले. पण त्याच निर्णयात प्रकल्पाचा दर ३० वरून २८ केला होता. अठ्ठावीस आणि सात किती? पस्तीसच. शेतकऱ्याला एक पैसा वाढला नाही. तिजोरीतून दोन रुपये जास्त गेले आणि दूध विकत घेणाऱ्याचे दोन रुपये वाचले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, त्यामुळं ‘सात रुपये अनुदान’ हे बोलायला बरं पडलं. प्रकल्पवाल्यांची अडचण खोटी होती असं मी म्हणत नाही. भुकटी पडून असली की त्यांचाही पैसा अडकतो. पण ज्याची अडचण त्याच्या नावानं मदत लिहावी की नाही? मदत त्याला आणि उपकार माझ्या डोक्यावर, ही कुठली रीत? द्वारकेचा माझा गिऱ्हाईक मला ‘मजा आहे’ म्हणतो, प्रकल्पाच्या मालकाला कोणी म्हणत नाही.

२०१८ साली तर हे उघडच होतं. त्या वर्षी १६ जुलैपासून राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं मुंबईचं दूध अडवलं. मागणी होती की लिटरला ५ रुपये थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्या. त्याच्या आदल्या वर्षी पुणतांब्याहून निघालेल्या शेतकरी संपातही दूध रस्त्यावर ओतलं गेलं होतं. ओतलेलं दूध पाहून शहरातली माणसं हळहळतात. आम्हीही हळहळतो. आमच्यातल्या काही म्हाताऱ्यांनी तर त्या दिवशी जेवण घेतलं नाही. दूध सांडणं हे घरात अशुभ मानतात, ते आपल्या हातानं सांडायचं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. तर त्या आंदोलनानंतर २१ जुलैपासून २५ रुपये भाव ठरला आणि ५ रुपये मिळाले ते प्रक्रिया करणाऱ्या संघांना आणि प्रकल्पांना. त्यांनी ते आमच्यापर्यंत पोचवायचे होते. २०२४ मध्ये पैसे थेट खात्यावर आले ही सुधारणा झाली, हे मान्य केलं पाहिजे. खात्याचा मार्ग बदलला. पैशाची अखेरची जागा किती बदलली, हे वरच्या अठ्ठावीस आणि सातनं दाखवलं.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते.

आमच्या वस्तीवर एक बाई आहे. नात्यानं नव्हे, गावकीनं माझी भावजय लागते. जमीन नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, कांदे लावायला जाते. तिच्यासारख्या बाया आमच्या तालुक्यात हजारोंनी आहेत. ही सकाळी चहाची पुडी आणते त्यावर पाच टक्के कर, अंगाचा साबण आणते त्यावर २०२५ पर्यंत अठरा टक्के होता. हा सगळा पैसा सरकारात जातो. त्यातूनच माझे पाच रुपये येतात. म्हणजे जिच्या दारात गाय नाही तिनं माझ्या गाईच्या पेंडीला हातभार लावला. मला बागायत आहे, विहीर आहे, चार गाई आहेत. तिनं मला का द्यावं? याला पारावर उत्तर मिळतं की बडे लोक काय कमी घेतात, त्यांचं कर्ज माफ होतं. ते खरं असेल. पण मोठ्यानं घेतलं म्हणून मी त्या बाईकडून घ्यावं हे काही उत्तर होत नाही.

पुष्कळ दिवस विचार करून मला यातून एकच वाट दिसली. तो पैसा बरोबर ठरायचा असेल तर तो तिच्यासारखीपर्यंतही पोचला पाहिजे, निदान तिच्याकडं गाय आली तर. आणि योगायोग असा की तिच्याकडं गाय होती. बचत गटाचं कर्ज काढून दोन वर्षांपूर्वी तिनं एक साधारण संकरित गाय घेतली. घरचं ठेवून चार लिटर दूध विकायला निघायचं. पण केंद्रावर तिचा कोड नव्हता. चार लिटरसाठी कोण खातं काढतं, असं म्हणून शेजारच्या पुतण्याच्या कोडवर ती दूध घालायची. तो दहा दिवसांनी तिला तिच्या दुधाचे पैसे मोजून द्यायचा. अशी पद्धत गावोगाव आहे, आणि विश्वासावर चालते.

जानेवारी ते मार्च हे अनुदानाचे ६० दिवस तिचं दूध पुतण्याच्या नावावर गेलं. उन्हाळ्यात त्याच्या खात्यावर अनुदान जमा झालं. तिला कळलं. चार लिटर, साठ दिवस, पाच रुपये : १२०० रुपये. ती मागायला गेली. तो नाही म्हणाला. मग दोघं माझ्या ओट्यावर आले.

पुतण्या काही दुष्ट नाही. त्याचं म्हणणं असं, ‘‘तात्या, सत्तावीसचा भाव तर मी तिला रोखीनं दिला, एक रुपया ठेवला नाही. अनुदान माझ्या खात्यावर आलंय. माझ्या गाईंना बिल्ले आहेत, हिच्या गाईला नाही. हिची गाय सरकारच्या लेखी जन्मालाच आली नाही. उद्या कोणी तपासायला आलं की एवढं दूध तुझ्या गाईंनी दिलं कसं, तर जबाबदार कोण? मी. मग जोखीम माझी आणि पैसे हिचे?’’

ती एवढंच म्हणाली, ‘‘भाऊजी, दूध माझ्या गाईचं होतं.’’

ओट्यावर बसलेल्यांत दोन तट पडले. एक म्हणाला, निम्मे-निम्मे करा, वाद मिटवा. निम्मे-निम्मे हा आमच्या गावचा आवडता न्याय. त्यानं भांडण मिटतं, पण ज्याचं पूर्ण होतं त्याचं निम्मं जातं आणि ज्याचं काहीच नव्हतं त्याला निम्मं मिळतं. दुसरा म्हणाला, मुळात तिचं दूध याच्या नावावर दाखवणं हेच खोटं, म्हणून बाराशे रुपये कोणाचेच नाहीत, सरकारला परत करा. हा बोलणारा माणूस स्वतः सात गाई दाखवून चारांचं दूध घालणारा, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यामुळं त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही.

मी पुतण्याला एक गोष्ट विचारली. ‘‘तिचं दूध पाण्याचं निघालं असतं, तुझी फॅट पडली असती, तर तू नुकसान कोणाकडून वसूल केलं असतंस?’’ तो म्हणाला, ‘‘तिच्याकडून.’’ मग मी म्हणालो, ‘‘दुधाचा तोटा तिचा असेल तर दुधाचा लाभही तिचाच. जोखमीचं म्हणशील तर ते आधी सांगायचं होतंस, जानेवारीत. तेव्हा तिनं दुसरी वाट काढली असती.’’ तो बराच वेळ गप्प बसला. महिनाभरानं त्यानं बाराशेच्या बाराशे दिले. आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं दूध आपल्या कोडवर घेणं बंद केलं.

निवाडा चुकला असं मला आजही वाटत नाही. पण त्याची किंमत पुतण्यानं नाही, तिनं भरली. गावच्या हॉटेलवाल्यानं तिचं दूध घ्यायला सुरुवात केली, तर तो दोनच लिटर घ्यायचा, यात्रेच्या दिवशी चार मागायचा आणि अमावास्येला नको म्हणायचा. वर उधारी. राहिलेल्या दुधाचं ती ताक करून वाटायची. दूध विकण्याची तिची सोय गेली ती माझ्या ओट्यावरच्या न्यायानं. न्याय करणाऱ्यानं पुढची सोय लावून द्यायची असते, हे आमच्या जुन्या पंचांना कळत होतं. म्हणून मी आणि तिचा मुलगा जनावरांच्या दवाखान्यात गेलो, बिल्ल्याचं विचारलं, केंद्रावाल्याला गाठलं. नाहीतरी १ जूनपासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्रीही बंद होणार होती, त्यामुळं बिल्ले मारणारी माणसं गावात येतच होती. पावसाळ्याच्या तोंडाला तिच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आला. जुलैत तिच्या स्वतःच्या नावानं कोड निघाला. नवऱ्याच्या नावानं नाही, हे तिनं केंद्रावर दोनदा बजावून सांगितलं.

हे मी एवढं लांबवून सांगितलं कारण सगळा प्रश्न मला या बाराशे रुपयांत दिसतो. प्रकल्प आणि मी यांच्यात जे चाललंय, तेच पुतण्या आणि त्या बाईत चाललं होतं. ज्याच्या हातात कोड त्याच्या हातात लाभ. पुतण्यानं निदान ऐकून पैसे दिले. आमच्या भावाचे दोन रुपये ज्याच्याकडं राहिले त्याला ओट्यावर कोण बोलावणार?

माझा मुलगा म्हणतो, बाबा, अनुदानच नको, बाजार मोकळा पाहिजे. त्यानं कुठंतरी वाचलं की न्यूझीलंडनं १९८४ मध्ये शेतीची अनुदानं काढून टाकली आणि तरी ते दुधात जगात पुढं आहेत. आहेत ना. पण त्यांच्याकडं माणसं थोडी, कुरणं मोठी, आणि बहुतेक दूध बाहेर विकायलाच काढलेलं. शिवाय त्यांचा सगळ्यात मोठा दूधसंघ शेतकऱ्यांच्या मालकीचा. बाजार मोकळा म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळा पाहिजे. मी धार काढलेलं दूध चार तासांत विकावं लागतं, घेणाऱ्याची भुकटी वर्षभर गोदामात बसू शकते. यात मोकळा कोण आहे?

उलट आपल्या शेजारचं कर्नाटक पाहा. तिथं २००८ मध्ये लिटरला २ रुपये देणं सुरू केलं, पुढं ते वाढत ५ वर गेलं. सरकारं बदलली तरी ते मोडलं नाही, आणि सहकारी संघाला घातलेल्या दुधावरच दिलं. त्यामुळं संघ टिकले. दूध जास्त झालं तेव्हा २०१३ पासून शाळेतल्या पोरांना दूध प्यायला द्यायची योजना काढली. तिथल्या शेतकऱ्याला उद्या काय मिळणार हे आज माहीत असतं. तिथंही पैसे थकतात, तिथले लोकही ओरडतात, ते काही रामराज्य नाही. पण आमच्याकडं जानेवारी ते मार्च आहे, एप्रिल ते जून नाही, जुलै ते नोव्हेंबर आहे, मग नाही. गाईला हा हंगाम कसा शिकवायचा? गाभण राहून ती नऊ महिने घेते. दूध वाढवायचं का नाही हे मला आज ठरवावं लागतं, ते दिसतं वर्षानं.

आणि शाळेतल्या पोरांची गोष्ट तर मला फारच पटली. माझ्या त्या भावजयीच्या चहाच्या करातून माझ्या दुधाला पाच रुपये आले, आणि तेच दूध तिच्या नातवाला शाळेत मिळालं, तर ते घेताना माझी मान खाली गेली नसती. द्वारकेच्या गिऱ्हाइकालाही मी ताठ मानेनं सांगितलं असतं की हो, घेतो. आज मी घेतो, नाही म्हणण्यासारखी माझी स्थिती नाही, पण त्यांनी ‘मजा’ म्हटलं की मला नीट उत्तर देता येत नाही. सगळा हिशेब जिन्यात उभं राहून सांगायचा तर दूध नासेल.

जुलैपासूनचं अनुदान त्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा झालं ते डिसेंबरात. तेराशे आणि वर काही. गाय तेव्हा आटवलेली होती, व्यायला महिना राहिला होता, दूध शून्य. तिनं त्या पैशाची एक पोतं पेंड आणली नाही. पेंड महाग पडते भाकड गाईला, म्हणाली. मक्याच्या कडब्याची अर्धी ट्रॉली घेतली, आणि ती उतरवून घ्यायला पुतण्याच आला होता.